कोशातील शब्द, यंत्रातील आवाज

भाषेच्या संग्रहांचा इतिहास आपण बहुधा संपादकांच्या नावांनी लिहितो. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली प्रसिद्ध झाला आणि 1857 साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ज्या पंडितांनी त्यासाठी शब्द जमवले, त्यांचा निर्देश 'मोल्सवर्थचा कोश' या प्रचलित नावात उरलेला नाही. इंग्रजीत जेम्स मरे यांनी 1879 साली वाचकांना जाहीर आवाहन केले. असंख्य वाचकांनी ग्रंथांतील अवतरणे चिठ्ठ्यांवर उतरवून त्यांच्याकडे धाडली आणि ऑक्सफर्ड कोश उभा राहिला. पुष्कळांनी थोडे थोडे करावयाचे या पद्धतीला 2006 साली जेफ हाऊ या पत्रकाराने 'क्राउडसोर्सिंग' हे नाव दिले; पद्धत मात्र जुनीच होती.

नाव मिळाल्यानंतर लगेचच या पद्धतीचे एक चमत्कारिक रूप पुढे आले. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ लुइस फॉन आन यांनी 2007 साली 'रीकॅप्चा' सुरू केले. संकेतस्थळावर प्रवेश करताना 'आपण माणूस आहोत' हे सिद्ध करण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे ओळखावी लागत. त्यांतील एक शब्द जुन्या छापील मजकुरातील, यंत्राला न वाचता आलेला असे. लोक तो वाचून देत आणि जीर्ण वृत्तपत्रे संगणकावर उतरत. आपण काही काम करीत आहोत, याची जाणीव यांतील बहुतेकांना नसे. मोबदल्याचा तर प्रश्नच नव्हता.

या पार्श्वभूमीवर बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातील विवेक शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम मराठीच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी संगणकाचा फारसा परिचय नसलेल्या, प्रामुख्याने आपल्याच भाषेत साक्षर असलेल्या ग्रामीण लोकांना साध्या स्मार्टफोनवर हस्तलिखित मराठी-हिंदी शब्द टंकित करावयास दिले. अचूकता 96.7 टक्के आढळली. व्यावसायिक संस्थेच्या तोडीस तोड. कामाचा उत्साह इतका, की त्यावर मर्यादा घालावी, अशी शिफारस संशोधकांना करावी लागली. 2020 सालचा अभ्यास तर मराठी उच्चाराचाच होता. अल्प उत्पन्न गटातील ग्रामीण, त्याच गटातील शहरी आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा तीन गटांतील 36 जणांकडून 109 तासांचे ध्वनिमुद्रण जमवण्यात आले. एरवी अशा कामाला विद्यार्थीच बोलावले जातात. येथे इतरांचे काम त्यांच्या कामाशी तुल्य ठरले.

अशा कामासाठी जाळे हवे आणि ते सर्वत्र पोहोचत नाही. या अडचणीवर 'डाकनेट'ने आधीच एक मार्ग दाखवला होता. अॅलेक्स पेंटलंड, रिचर्ड फ्लेचर आणि अमीर हसन यांनी 2004 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. कर्नाटकात बसवर आणि कंबोडियात मोटारसायकलवर बिनतारी संच बसवलेला असे. गाडी गावातून जाताना माहिती उचली आणि पुढे जोडणी असलेल्या ठिकाणी सोडी. नावाप्रमाणे ही डाकच होती. माहिती साठवून ठेवावी आणि वाट मिळताच धाडावी, हे तिचे तत्त्व दूरच्या गावातील माणसालाही अशा कामात सामील करून घेण्यास पुरेसे आहे.

शेषाद्रींच्या कामातून 'कार्या' ही संस्था 2021 साली स्वतंत्र झाली. जमवलेली माहिती पुन्हा विकली गेल्यास ती देणाऱ्यालाही वाटा मिळावा, हे तिचे धोरण आहे. पंडितांच्या आणि चिठ्ठी-लेखकांच्या इतिहासात ही गोष्ट नवी आहे, आणि तिचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही.

तरीही भाषेच्या अभ्यासकाला एक प्रश्न छळतो. मोल्सवर्थ यांनी लोकांचे शब्द घेतले, आवाज घेण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ग्रीअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (1905) बायबलमधील उधळ्या मुलाची कथा निरनिराळ्या बोलींत उतरवून घेतलेली आहे. तेथे वाक्यरचना सापडते, पण कथा परकी आहे. वरील ध्वनिमुद्रणात आवाज लोकांचा आहे, परंतु वाक्ये त्यांच्यापुढे वाचावयास ठेवलेली आहेत. बोलणाऱ्याचा हेल आणि उच्चार यंत्राला मिळाले. त्याचा शब्द, त्याची क्रियापदाची रूपे, गोष्ट सांगण्याची त्याची रीत मिळाली नाही. अशा आवाजांवर शिकलेले यंत्र ग्रामीण माणसाच्या तोंडची प्रमाण मराठी ओळखील. तोच माणूस घरात जे बोलतो, ते त्याला कितपत कळेल?

ही उणीव संगणकशास्त्रज्ञांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बोलीतील कोणती गोष्ट विचारावी, कोणते रूप टिपावे, कोणाकडे जावे, हे ठरवण्याची विद्या मराठी विभागांपाशी आहे. फोन आता विद्यार्थ्यांच्या हातात आहे आणि दूरच्या गावातून आवाज आणण्याची युक्तीही सापडलेली आहे. प्रश्नावली आपण लिहावयाची आहे, आणि बोलणाऱ्याने परवानगी दिल्यास त्याचे नावही.