भारतातील कोको : झाड टिकले, भाव टिकला नाही

कोको हे पीक भारताला अगदीच नवे नाही. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत तमिळ मुलखातील कुत्तालम येथे त्याची रोपे लावली गेली होती. व्यापारी लागवड मात्र १९६५ च्या सुमारास केरळात सुरू झाली. तिला चालना दिली ती कॅडबरी या चॉकलेट बनविणाऱ्या कंपनीने. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात देशी कच्चा माल ही तिची गरज होती.

कोकोला सावली लागते. केरळ व दक्षिण कर्नाटकातील शेतकऱ्याने त्यासाठी वेगळी जमीन काढली नाही. नारळी-पोफळीच्या बागेतच आंतरपीक म्हणून तो लावला. कोकणातील वाडी पाहिलेल्या वाचकास हे चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल. पश्चिम आफ्रिकेत कोकोपायी अरण्ये तुटली. आपल्याकडे झाडाचा गळलेला पाला बागेलाच खत झाला. पर्यावरणाच्या दृष्टीने याहून शाश्वत व्यवस्था क्वचितच आढळेल. तिची कसोटी लागली ती बाजारात.

याचे कारण पिकाच्या स्वभावात आहे. फळ फोडल्यावर ओल्या बिया पाच-सहा दिवस आंबवून मग वाळवाव्या लागतात. आंबवण्यासाठी पुरेसा साठा हवा, वाळवण्यासाठी ऊन हवे. लहान बागायतदाराकडे पहिला नसतो आणि पावसाळ्यात दुसरे नसते. त्यामुळे तो ओल्या बियाच विकतो, आणि त्या एक-दोन दिवसांत विकाव्याच लागतात. ज्याला थांबता येत नाही, त्याला भाव ठरवता येत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम येथे उघडपणे दिसतो.

१९७७ मध्ये जागतिक भाव शिखरावर पोहोचले आणि लागवड झपाट्याने वाढली. १९८० नंतर भाव कोसळले. खरेदीदार मोजकेच होते; त्यांनी हात आखडता घेताच माल पडून राहिला आणि केरळात अनेकांनी झाडे उपटून टाकली. त्या प्रसंगी पुढे आली ती 'कॅम्पको' ही सहकारी संस्था. सुपारी उत्पादकांसाठी १९७३ मध्ये मंगळूर येथे तिची स्थापना झाली होती. तिने कोकोची खरेदी हाती घेतली आणि १९८६ मध्ये पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. कच्च्या बियांना पक्के गिऱ्हाईक मिळाले. कर्नाटकातील कोको तगला, त्याचे मोठे श्रेय या निर्णयास द्यावे लागेल.

पुढे लागवडीचे केंद्र आंध्रातील गोदावरी खोऱ्याच्या नारळबागांकडे सरकले. आज उत्पादनात आंध्र प्रदेश अग्रेसर आहे. तरीही देशाचे उत्पादन जगाच्या एक टक्क्याहून कमी असून कारखान्यांची बहुतांश गरज आयातीवर भागते. मागणी एवढी असताना शेतकऱ्याला चिंता नसावी, असे वाटेल. पण आयात हाच पर्याय असल्याने देशी भाव जागतिक भावाला बांधलेला राहतो. आयव्हरी कोस्ट व घाना येथील पीक बिघडल्याने २०२४ मध्ये जागतिक भाव टनाला दहा हजार डॉलरच्या पलीकडे गेला आणि आपल्याकडेही बियांना पूर्वी कधी न मिळालेला दर मिळाला. २०२५ मध्ये तो घसरताच आंध्रातील शेतकरी रस्त्यावर आले आणि राज्य सरकारला हस्तक्षेप करावा लागला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या केरळचीच ही आवृत्ती होय.

आपल्या फलोत्पादन योजनांचे यश बहुधा हेक्टरमध्ये मोजले जाते. रोपे वाटणे सोपे असते, त्याची आकडेवारीही लवकर तयार होते. गावपातळीवर आंबवण्याची व वाळवण्याची सोय, प्रतीनुसार दर आणि मंदीतही खरेदी करणारी संस्था यांना वेळ लागतो. लागवड वाढविण्याचा प्रत्येक प्रस्ताव मंजूर करताना एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : भाव पडेल त्या वर्षी हा माल कोण घेणार? त्याचे उत्तर फाईलवर नसेल, तर आज लावलेले झाड उद्या उपटले जाण्याची शक्यता गृहीत धरावी लागेल.