बस्ता

लग्न ठरले की नांदेड-लातूरकडे मुहूर्ताच्या पाठोपाठ प्रश्न येतो तो बस्त्याचा. बस्ता कुठे बांधायचा? शब्द मूळचा फारसी. त्याचा अर्थ ‘बांधलेले’. निजामाच्या कचेरीत कागदांचे बस्ते असत, पेठेत लग्नाच्या कापडांचे. आणि सोडवायला कोणता अधिक अवघड, हे वधूपित्यालाच विचारावे!

या बस्त्यात काय पडावे हे नुसत्या हौशीवर ठरत नसे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाची स्वतःची जकात होती. तिला करोडगिरी म्हणत. मालाच्या किमतीवर शेकडा पाच. सोलापूर पडले इंग्रजी अमलात. लातूरहून ते तसे जवळच, आणि १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी लातुरास येऊन पोहोचल्यावर तर अधिकच जवळ आले. तरीही सोलापुरी लुगडे सरहद्द ओलांडताच परमुलखाचे ठरे. उलट नारायणपेठ दूर, तेलंगी-कानडी शिवेवरचे. पण संस्थानातले, म्हणून तिथले काठपदरी लुगडे घरचे! पैठणही संस्थानातच होते खरे. मात्र पैठणी परवडणारी घरे बोटांवर मोजावीत इतकीच.

नवरदेवाच्या अंगावर मात्र राज्य अधिक स्पष्ट दिसे. शेतकऱ्याचा मुलगा धोतर नेसून, फेटा बांधून बोहल्यावर चढे. परंतु कचेरीतल्या कारकुनाला, वकिलाला, मास्तराला प्रतिष्ठेचा वेष होता शेरवानी आणि रुमी टोपी. त्यात हिंदू-मुसलमान असा भेद फारसा नव्हता; दरबारी रीत ती सर्वांची रीत. शेरवानीला औरंगाबादी हिमरू असले की बघायलाच नको. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र विणलेले असल्यामुळे थाट रेशमाचा येई आणि खिशालाही थोडी सवलत मिळे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली. रुमी टोपी डोक्यावरून उतरली, गांधी टोपी चढली. रझाकारांचे दिवस सोसलेल्या घरांना जुन्या वेषाचा तिटकारा आला असेल तर त्यांना नावे कशी ठेवावीत? तरी आमच्या मते अपराध राजवटीचा होता, गळाबंद अंगरख्याचा नव्हे. पुढे सूटबूट आला, टाय आला.

आणि आता गंमत पाहा. तीच शेरवानी दुकानात पुन्हा टांगलेली आहे, ‘पारंपरिक पोशाख’ म्हणून! ती हैदराबादेहून नव्हे, चित्रपटांतून आली. आजोबांनी पेटीच्या तळाशी सारलेली वस्तू नातू हौसेने, कधी भाड्यानेही, अंगावर चढवतो आणि तिच्यावर फेटा बांधून घेतो. आजोबांच्या काळी या दोहोंची जोडी कोणी पाहिली असती, तर मांडवात कुजबुज झाली असती.

अष्टपुत्री तेवढी या साऱ्या उलथापालथीतून सहीसलामत सुटली. बहुधा मामाकडून येणारे ते साधे पिवळे वस्त्र नवरी अजूनही नेसते. बस्त्यात भाव करताना त्याच्यावरून कोणी दुकानदाराशी हुज्जत घालीत नाही.