वस्त्यांचा लौकिक : मुंबईच्या कांहीं जुन्या वाड्यांची हकीकत

ज्युबिलीच्या दिवशीं निघावयाच्या मिरवणुकीचा मार्ग ठरविण्याकरितां आपल्या धर्मग्रामांतील मंडळी गेल्या पावसाळ्यांत एकत्र जमली होती, तेव्हां एका गल्लीविषयीं बराच वेळ वाद चालला. गल्लीचें नांव आम्ही येथें लिहीत नाहीं. माझगांवकर वाचकांस तें ठाऊक आहेच. ती गल्ली बदनाम आहे, तेथून पवित्र मूर्ति नेणें शोभत नाहीं, शिवाय काळोख पडल्यावर बायकामुलांनीं तेथून जाणें धोक्याचें आहे, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. त्याच गल्लींत जन्म काढलेल्या एक आजीबाई सभेस आल्या होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, "आमची गल्ली वाईट कधींपासून झाली, बाबांनो?" या प्रश्नास कोणींच उत्तर दिलें नाहीं. आम्हांसहि तेव्हां देतां आलें नाहीं. पुढील मजकूर त्या प्रश्नाचा माग काढीत लिहिला आहे.

मुंबईंतील बहुतेक प्रत्येक जुन्या वस्तीस कधीं ना कधीं चांगलें आणि वाईट अशीं दोन्हीं नांवें मिळालेलीं आहेत, आणि नांवें ठेवणारे बहुधा त्या वस्तींत राहणारे नव्हते. प्रारंभीं सुरक्षित जागा म्हणजे तटाच्या आंतली जागा, इतकाच अर्थ होता. १६८९ सालीं जंजिऱ्याच्या सिद्दीची फौज शिवडीस उतरली, माझगांवचा लहानसा किल्ला तिनें काबीज केला, आणि वर्षाहून अधिक काळ मुंबईच्या इंग्रजांस कोंडून धरलें. तेव्हांपासून माझगांव ही उघड्यावरची, भयाची जागा ठरली, आणि कोट ही अभयाची. पुढें अठराव्या शतकांत कोटास भक्कम तट आणि खंदक झाला व आंत घराला घर लागलें. मग १८०३ सालच्या फेब्रुवारींत आग लागली. ज्या दाटीस लोक आसरा समजत होते, तिच्याच पायीं कोटाचा सुमारें एकतृतीयांश भाग जळून गेला. त्यानंतर तटाबाहेर मांडवी, भुलेश्वर या बाजूंस नवें शहर झपाट्यानें वाढलें, आणि १८६० नंतरच्या दशकांत गव्हर्नर फ्रिअरसाहेबांच्या अमदानींत तो तटच पाडून टाकण्यांत आला.

आपल्या लोकांस तर तटाचा सुरक्षितपणा उलटाच बाधला. कोटासमोर शत्रूस आडोसा राहूं नये व तोफांस मोकळें मैदान मिळावें, म्हणून बाहेरचीं घरें व माड काढण्यांत आले, त्यांत एस्पेरांसा मातेचें देऊळहि गेलें. १७६० च्या सुमारास तें भुलेश्वरास, कावेलच्या शेजारीं, पुन्हां बांधलें गेलें. क्रॉस मैदानावरील क्रूस ही त्या पहिल्या देवळाची खूण म्हणून आजहि दाखवितात. मैदानावर चेंडूफळी खेळणाऱ्या मुलांस त्या क्रुसाचें नांव मैदानास पडलें आहे हें माहीत असतें कीं नाहीं, कोण जाणे.

कावेल ही कोळी ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती. तिच्या अलीकडे गिरगांवांत खोताची वाडी. दादोबा वामन या पाठारे प्रभु खोतानें आपल्या जमिनीचे तुकडे आपल्या ईस्ट इंडियन कुटुंबांस विकले, त्यांतून अठराव्या शतकाच्या अखेरीस ती उभी राहिली. पुढें ओसरी, बाहेरून लांकडी जिना, कोपऱ्यावर क्रूस, आणि हांकेच्या अंतरावर गणपतीचा उत्सव मांडणाऱ्या चाळी, अशी तेथील ठेवण होती. शेजाऱ्याचा धर्म वेगळा म्हणून वाडीच्या सुरक्षिततेस कधीं बाध आल्याचें आम्हीं ऐकिलेलें नाहीं. गेल्या कांहीं दशकांत तेथें जी पडझड झाली ती जागेच्या भावानें केली. पासष्ट घरांच्या जागीं आज तिशीहि उरलेली नाहीं.

आतां माझगांव. आपल्या गांवाविषयीं लिहितांना हात थोडा सैल सुटणार, तो वाचकांनीं सोसावा. १५७२ सालीं पोर्तुगालच्या राजानें माझगांवची इस्टेट डी सूझा घराण्यास वंशपरंपरा दिली, आणि त्याच घराण्यानें १६३२ सालीं ग्लोरिया मातेचें देऊळ बांधलें. येथल्या आंब्याची कीर्ति दूरवर होती; वर्षांतून दोन वेळां फळणारीं कलमें येथें होतीं, असें जुने लेखक लिहितात. सिद्दीच्या स्वारीनें ज्या गांवास भयाचें म्हटलें, तेंच गांव शंभर वर्षांनंतर कोटाच्या दाटींतून सुटूं पाहणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांस हवा खाण्याचें ठिकाण वाटूं लागलें. त्यांचे बंगले व बागा येथें झाल्या. जवळच भायखळ्यास घोड्यांच्या शर्यती आणि १८३३ सालीं क्लब. म्हणजे ज्या रस्त्यावरून आज मालमोटारी धुरळा उडवितात, त्याच रस्त्यावरून संध्याकाळीं बड्या लोकांच्या बग्ग्या फिरत.

तो थाट फार काळ टिकला नाहीं. आधीं गिरण्या आल्या, मग गोद्या. १८८० सालीं प्रिन्सेस डॉक उघडली. शर्यतीहि १८८३ सालीं महालक्ष्मीस गेल्या. किनारा भरून निघाला, वखारी उठल्या, बंगलेवाल्यांनीं मलबार हिलची वाट धरली, आणि १९२५ सालीं विजेची पहिली आगगाडी बोरीबंदराहून आपल्याच दारावरून कुर्ल्यास गेली. जुनें ग्लोरियाचें देऊळ १९११ सालीं पाडलें गेलें व त्याच नांवाचें नवें भायखळ्यास उभें राहिलें. माझगांव बिघडलें, असें लोक म्हणूं लागले ते याच सुमारास. बिघडलें म्हणजे काय झालें ? तेथें राबणारे लोक राहावयास आले. खलाशी, फिटर, तांडेल, गोदींतले हमाल, आगबोटींवरील गोंवेकर स्वयंपाकी : ज्यांच्या हातांवर या शहराचें पोट चालत होतें, ते.

या गोंवेकरांच्या कुडींविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. धोबीतलाव व माझगांव येथें एकेका गांवाची एकेक कूड असे. खोलींत भिंतीशीं पेट्यांची रांग, समोर आपल्या गांवच्या संताची वेदी, आणि रात्रीं रोझारीस सर्वांनीं हजर राहण्याचा नेम. वरवर पाहणारास ती गलबल्याची खानावळ वाटे. परंतु बोटीवर चढणारा खलाशी आपली पेटी कित्येक महिन्यांकरितां तेथें ठेवून निर्धास्त जात असे. शहरांतील किती अब्रूदार घरांवर त्यानें तितका विश्वास टाकला असता ?

याच "बिघडलेल्या" माझगांवांत मथारपाखाडीस १८६४ सालीं जोसेफ बॅप्टिस्टा जन्मले. लोकमान्य टिळकांचे स्नेही व बॅरिस्टर, १९१६ सालीं होमरूल लीगचे अध्यक्ष, १९२५ सालीं मुंबईचे मेयर. पण मुंबईकरांस ते शेवटपर्यंत "काका" होते. भंडारवाड्याच्या टेकडीवरील बागेस त्यांचें नांव आहे.

लौकिक किती फसवा असतो याचें सर्वांत मोठें उदाहरण प्लेगाचें. १८९६ सालच्या सप्टेंबरांत मांडवींत हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. आकासियो व्हिएगस या आपल्याच धर्मबंधूनें. पुष्कळांनीं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाहीं. मांडवी ही कांहीं भिकारवस्ती नव्हती, ती धान्याच्या श्रीमंत व्यापाऱ्यांची पेठ होती. पण रोग तेथें निघाला मात्र, आणि मांडवीचें नांव घेतांच लोक नाकाला पदर लावूं लागले. घरांच्या भिंतींवर यू. एच. एच. हीं तीन अक्षरें, म्हणजे मनुष्यवस्तीस अयोग्य, अशी खूण सरकारी कुंचल्यानें उमटूं लागली. लोक लाखांनीं शहर सोडून गेले; १८९१ च्या शिरगणतींत ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ सालीं ७,७६,००६ भरली. खरें कारण पुढें कळलें : रोग उंदरांचा व त्यांच्या अंगावरील पिसवांचा, आणि उंदीर धान्याच्या वखारींत. मांडवीचा दोष असलाच तर तो एवढाच कीं, साऱ्या शहराचें धान्य ती सांभाळीत होती. माहीमचीहि अशीच गोष्ट. तेथील माडांच्या मुळांशीं मासळीचें खत घालीत, त्याच्या दुर्गंधीनें ताप येतो, अशी इंग्रजांची पक्की समजूत होती. हिंवतापाचें मूळ डांसांत आहे हें १८९७ सालीं रॉससाहेबांनीं दाखवीपर्यंत माड व माडवाले नाहक बदनाम राहिले.

परळच्या बंगल्याची कथा याहून विलक्षण आहे. मूळ ती जेज्वीट पाद्र्यांची जागा. इंग्रजांनीं ती घेतली आणि तेथें गव्हर्नरांचें निवासस्थान झालें. परळसारखी प्रतिष्ठित जागा मग दुसरी उरली नाहीं. १८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीनें वारल्या, आणि थोड्याच वर्षांत गव्हर्नरांनीं बिऱ्हाड समुद्राकांठीं मलबार पॉइंटास नेलें. प्लेगांत त्याच दिवाणखान्यांत रोग्यांच्या खाटा पडल्या, आणि १८९९ सालीं तेथें डॉ. हाफकिन यांची लस तयार होऊं लागली. भिंती त्याच. बंगल्याचें खरें काम कोणत्या काळीं झालें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आमचें मत प्लेगाच्या बाजूचें आहे.

प्लेगानंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टानें समुद्राचा वारा दाट वस्तींत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट कापला, त्यांत कावेलचा मोठा भाग गेला. बऱ्याच लोकांनीं वांद्र्याची वाट धरली. १८४५ सालीं माहीमचा बांध होईपर्यंत वांद्र्यास होडीनें जावें लागे व त्यांत माणसें बुडत. बांधास लेडी जमशेटजींनीं पैसा दिला म्हणून त्यांचें नांव त्या रस्त्यास राहिलें. १९१८ सालीं तेथें साल्सेट कॅथलिक सहकारी गृहमंडळी निघाली आणि वांद्रें उपनगरांची राणी झालें. आमच्या मनांत येथें एक मत्सराचा प्रश्न येतो. वांद्र्यास कत्तलखाना होता आणि तो १९७१ सालीं देवनारास जाईपर्यंत त्याचा वास होताच, तरी वांद्र्याचें नांव गेलें नाहीं. माझगांवास गोदी आली आणि आमचें गेलें. असें कां ? आमच्या समजुतीप्रमाणें, वांद्र्याचे पुष्कळ लोक आपल्या घराचे धनी राहिले. आम्ही भाडेकरी झालों. भाडेकऱ्याच्या वस्तीचा लौकिक दुसऱ्याच्या तोंडीं असतो.

धोक्यानें मात्र लौकिक पाहून घर निवडलेलें नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया डॉकमध्यें दारूगोळ्यानें भरलेली बोट फुटली, शेंकडों माणसें मेलीं, आणि तिच्यावरील सोन्याच्या विटा दूरवर उडून पडल्या. २००८ सालच्या नोव्हेंबरांत मारेकरी उतरले ते कुलाब्यास, शहराच्या सर्वांत प्रतिष्ठित टोंकाला. त्याच रात्रीं आपल्या वाडीबंदरासहि एका टॅक्सींत बाँब फुटला. आणि २०२० सालीं कोरोनाच्या साथींत जिच्याविषयीं सारे हताश होते, त्या धारावीनें घरोघर तपासणी करून उन्हाळ्या-पावसाळ्याच्या आंत सांथ आटोक्यांत आणली.

आतां आजीबाईंचा प्रश्न. आम्हीं त्या गल्लींत चार संध्याकाळीं फेरी घातली. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटलेल्यांचीं बिऱ्हाडें तेथें आहेत, गोदीचें काम आटल्यावर बसून राहिलेले तरुण आहेत, पत्ता सांगितल्यावर सोयरीक मोडलेल्या दोन मुली आहेत. मारामारी झाली नाहीं असें नाहीं. तीन वर्षांपूर्वी झाली, आणि तिची आठवण साऱ्या धर्मग्रामास आहे. गल्लीच्या मधोमध रस्त्याचा दिवा आहे, तो कित्येक महिने बंद आहे. त्याच्या खालींच प्लेगाच्या वेळचा क्रूस उभा असून चौथऱ्यावर १८९७ हा आंकडा अजून वाचतां येतो. त्या वर्षीं लोक गांव सोडून पळत असतांना ज्यांनीं तो उभारला, ते त्या रोगराईंत त्याच गल्लींत राहिले होते.

हें सर्व आम्हीं मंडळींपुढें मांडलें. दिव्याकरितां अर्ज गेला आहे. मिरवणूक त्या गल्लींतूनच जाईल, सूर्यास्तापूर्वी, आणि क्रुसापाशीं एक लितानी होईल, असें ठरलें आहे. आजीबाईंनीं चौथऱ्यास चुना लावावयास घेतला आहे. आंकड्यावर चुना चढूं नये म्हणून तेवढ्या जागेवर त्यांनीं कागद चिकटविला आहे.