अठ्ठावन्न तास, पंचेचाळीस मिनिटे

२७ फेब्रुवारी १९५०.
भारत सरकार लिस्बनला एक निवेदन पाठवते. मागणी एकच: गोवा, दमण आणि दीव यांच्या भवितव्याबद्दल बोलणी सुरू करावीत. उत्तर जूनमध्ये येते. हा प्रदेश पोर्तुगालचाच भाग आहे, त्यावर बोलण्यासारखे काही नाही.

११ जून १९५३.
भारत लिस्बनमधली आपली वकिलात बंद करतो. पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार आपली भूमिका बदलत नाहीत.

१५ ऑगस्ट १९५५.
पेडणे तालुक्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे आणि इतर नाक्यांवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपाई गोळ्या झाडतात. वीसहून अधिक माणसे मरतात. गोव्यातली भारताची वकिलात बंद होते, रेल्वे थांबते, नाकेबंदी कडक होते.

१९५५ ते १९६१.
नाकेबंदीने गोवा शरण येईल, असा दिल्लीचा हिशेब. गोव्यात बटाटे हॉलंडहून येऊ लागतात, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. डिचोलीकडच्या खाणींतले लोहखनिज जपानला जाते आणि त्याचा पैसा गोव्यात खेळतो. झळ बसते ती सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक असलेल्या घरांना आणि मुंबईच्या कमाईवर चालणाऱ्या चुलींना. सालाझार यांना ती पोचत नाही.

नोव्हेंबर १९६१.
अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार होतो. काही दिवसांनी एका मच्छीमाराचा बळी जातो. डिसेंबर उजाडताच भारतीय युद्धनौका गोव्यासमोर गस्त घालू लागतात.

९ डिसेंबर.
तिमोरहून लिस्बनला निघालेली 'इंडिया' ही बोट मुरगाव बंदरात लागते. कोणालाही बोटीवर चढू देऊ नये, असा लिस्बनचा हुकूम आहे. गव्हर्नर जनरल मानुएल व्हासालो इ सिल्वा तो मोडतात. ३८० प्रवाशांच्या बोटीत सुमारे ७०० नागरिक चढतात. जागा नाही म्हणून काही जण शौचालयांत बसतात.

१४ डिसेंबर.
सालाझार यांची तार येते. तह नको, कैदी नकोत. सैनिक आणि खलाशी एक तर जिंकतील, नाहीतर मरतील. किमान आठ दिवस तग धरायचा, तेवढ्यात लिस्बन जगाला हलवील. गोव्यातल्या फौजेकडे रणगाडे नाहीत आणि एकही लढाऊ विमान नाही.

आंबोलीच्या रानात १९५५ च्या नोव्हेंबरात सुरू झालेले मुक्ती चळवळीचे रेडिओ केंद्र अजून बोलते आहे. शरण येण्याचा निरोप गव्हर्नरला त्यावरूनही दिला जातो. उत्तर येत नाही.

१७ डिसेंबर, सकाळी ९.४५.
पोर्तुगीज नोंदीप्रमाणे भारतीय तुकडी डिचोली भागातले मावळिंगे ताब्यात घेते. दोन पोर्तुगीज सैनिक ठार होतात.

दुपारी १.४५.
जवळच्या पोर्तुगीज चिलखती गाड्यांच्या तुकडीने प्रतिहल्ल्याची परवानगी मागितली आहे. ती नाकारली जाते. दुपारनंतर नवा हुकूम निघतो: यापुढे सर्व आदेश थेट मुख्यालयातून सुटतील. नाक्यावरच्या अधिकाऱ्याला आता कोणाचे ऐकायचे ते कळत नाही.

१८ डिसेंबर, पहाटे २.००.
हीच तुकडी दोडामार्गकडे धाडली जाते. तिथल्या पोलिसांना माघारी आणायचे आहे. परतताना ती भारतीय चिलखती गाड्यांच्या माऱ्यात सापडते.

४.००.
मावळिंग्याच्या दक्षिणेला तोफा सुरू होतात. तिथे पोर्तुगीज रणगाडे असल्याची खबर भारतीय लष्कराला आहे. खबर खोटी आहे.

४.३०.
डिचोलीवर मारा.

४.४०.
माघार घेणारे पोर्तुगीज डिचोलीचा पूल उडवतात.

५.००.
अस्नोड्याचा पूल जातो. शापोरा नदीवरचा कोलवाळचा पूलही जातो. या नदीच्या उत्तरेला पेडणे तालुका आहे. तिथल्या पार्से गावच्या माणसाला म्हापशाला जायचे तर नदी ओलांडावी लागते. ज्या प्रदेशासाठी शेवटच्या माणसापर्यंत लढायचे होते, त्यातला एक अख्खा तालुका पोर्तुगीजांनी सूर्य उगवायच्या आत स्वतःच्या सुरुंगाने सोडून दिला.

६.३०.
ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० पॅराशूट ब्रिगेडची पश्चिमेकडची तुकडी सीमा ओलांडते आणि थिवीच्या वाटेने निघते. याच सकाळी कॅनबेरा विमाने दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड बॉम्ब टाकतात. हुकमाप्रमाणे विमानतळाची इमारत वाचवली जाते.

दुपारी १२.००.
मुरगाव बंदरात 'आफोन्सो द आल्बुकेर्क' ही एकच पोर्तुगीज युद्धनौका आहे. 'बेतवा' आणि 'बिआस' तिच्यावर तोफा डागतात, आणि दोन माऱ्यांच्या मधे शरण येण्याचा संदेश पाठवतात. ती नांगर उचलते आणि उलट मारा करते.

१२.२५.
गोळा नौकेच्या माथ्यावर फुटतो. रेडिओ अधिकारी ठार होतो, कप्तान गंभीर जखमी.

१२.३५.
नौका वळून बांबोळीच्या किनाऱ्याला रुतते. पांढरे निशाण चढवले जाते. ते डोलकाठीला गुंडाळले जाते आणि समोरच्यांना दिसत नाही. मारा चालू राहतो.

१.३०.
बाणस्तारीचा पूल उडतो.

संध्याकाळी ५.४५.
उत्तर गोव्यातली पोर्तुगीज फौज फेरीबोटीने मांडवी ओलांडून पणजीत पोचते. काही मिनिटांनी भारतीय रणगाडे समोरच्या तीरावर, बेतीला येतात. पलीकडे जाण्याचा हुकूम नाही. ते थांबतात.

रात्री ८.००.
ग्रेगोरियो मान्यो आंताव हा गोंयकार पणजीहून होडीने मांडवी पार करतो. त्याच्याजवळ पोर्तुगीज मेजर तेनरेइरू यांचे पत्र आहे: शरणागतीच्या अटींवर बोलायचे आहे. बेतीला ७ कॅव्हलरीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू ते घेतात.

त्याच रात्री सिद्धूंना कळते की आग्वाद किल्ल्यात कैदी आहेत. पत्र हातात आहे, लढाई संपल्यात जमा आहे. ते मोजकी माणसे घेऊन किल्ल्याकडे निघतात. आग्वादच्या पहाऱ्याला मात्र शरण जाण्याचा हुकूम पोचलेला नाही. आतून गोळ्या सुटतात. मेजर सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल ठार होतात.

१९ डिसेंबर.
न्यूयॉर्कमध्ये अजून १८ तारीख आहे. सुरक्षा समितीत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव येतो. सात मते बाजूने, चार विरोधात. सोव्हिएत युनियन नकाराधिकार वापरते आणि ठराव पडतो. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडले स्टीव्हन्सन भारताला कठोर शब्द सुनावतात. लिस्बनने आठ दिवस मागितले होते ते या सभेसाठी. सभेला एक दिवस पुरला.

सकाळी ७.३०.
२ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या दोन कंपन्या मांडवी ओलांडून पणजी ताब्यात घेतात. आग्वादच्या तुरुंगातले राजबंदी त्याच दिवशी सुटतात.

रात्री ८.३०.
व्हासालो इ सिल्वा शरणागतीच्या कागदावर सही करतात. मावळिंग्यापासून ५८ तास ४५ मिनिटे झाली आहेत. गोवा, दमण आणि दीव मिळून भारताचे २२ जवान गेले, पोर्तुगालचे ३०. साडेचार हजारांवर पोर्तुगीज कैदी आहेत.

नंतर.
कैदी १९६२ मध्ये मायदेशी परतले. माणसे मरू दिली नाहीत म्हणून व्हासालो इ सिल्वा यांना लष्करातून बडतर्फ केले गेले. १९७४ मध्ये लिस्बनमधली राजवट उलथली, तेव्हा त्यांचा हुद्दा त्यांना परत मिळाला.

३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे मारियो सोआरिस यांनी करारावर सह्या केल्या. गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. जो विषय बोलण्यासारखा नाही असे १९५० मध्ये लिस्बनने कळवले होते, तो मेजावर बसून बोलण्यातच मिटला.