समुद्र नसलेल्या देशाची आरमारी विमाने

रुमानिया आणि युक्रेन यांच्यामध्ये अडकलेला मोल्डोव्हा हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढा आहे. द्राक्षमळे आणि वाइन ही त्याची जगातली ओळख. २७ ऑगस्ट १९९१ रोजी हा देश सोव्हिएत संघातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या पदरात तीसहून अधिक मिग-२९ लढाऊ विमाने पडली. उत्तरेकडील मर्कुलेश्ती तळावरची ही रेजिमेंट सोव्हिएत राजवटीच्या अखेरीस काळ्या समुद्रावरील आरमाराच्या हवाई शाखेकडे वर्ग झाली होती. म्हणजे समुद्रकिनारा नसलेल्या देशाला वारशात मिळाली ती आरमाराची विमाने! मोल्डोव्हाच्या गरजेशी त्यांचा काही संबंध नव्हता. मॉस्कोच्या युद्धयोजनेत ती जिथे ठेवली होती, तिथे नंतर एक नवा देश झाला, एवढेच.

या वारशाचा दुसरा भाग नीस्टर नदीपलीकडे होता. डाव्या तीरावरील ट्रान्सनिस्ट्रियाच्या पट्ट्यात सोव्हिएत चौदाव्या सैन्याचे तळ आणि कोबास्ना गावाजवळचे प्रचंड दारूगोळा कोठार होते. या पट्ट्यातील नेत्यांनी किशिनाऊच्या सरकारपासून फारकत घेतली आणि १९९२च्या मार्चमध्ये लढाई पेटली. चौदावे सैन्य आता रशियाच्या ताब्यात गेले होते. नव्या देशाजवळ अत्याधुनिक विमाने होती, पण मुरलेले पायदळ नव्हते. पोलीस आणि घाईने उभे केलेले स्वयंसेवक यांच्यावरच बरीचशी भिस्त होती.

जूनमध्ये बेंडेर शहरात रस्त्यारस्त्यांवर लढाई झाली. नदीवरचा पूल पाडून पलीकडून येणारी कुमक तोडावी, म्हणून २२ जूनला मिग-२९ विमाने पाठवण्यात आली. हे विमान मुळात आकाशात शत्रूच्या विमानाशी झुंजण्यासाठी घडवलेले; साध्या बॉम्बने पुलासारखे अरुंद लक्ष्य टिपणे हे त्याचे खरे काम नव्हे. पूल पडला नाही. बॉम्ब पलीकडच्या पार्कानी गावात पडले आणि सामान्य माणसे मेली. त्याच सुमारास जनरल अलेक्झांडर लेबेद चौदाव्या सैन्याची सूत्रे घेण्यास दाखल झाले. त्या सैन्याच्या तोफा उघडपणे लढाईत उतरल्या आणि २१ जुलैला मॉस्कोत युद्धबंदीचा करार झाला.

पुढचा प्रश्न होता ही विमाने पोसण्याचा. मिग-२९ म्हणजे काय प्रकरण आहे, हे मराठी वाचकाला थोडेफार ठाऊक असते. १९८७च्या सुमारास भारतीय हवाई दलाने ही विमाने घेतली, तेव्हा ती पुण्याच्या लोहगाव तळावर आली. त्यांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी नाशिकजवळ ओझरला हवाई दलाचा स्वतंत्र डेपो राबतो. इंजिनाचे उड्डाणतास संपले की ते उतरवून पूर्ण उघडावे लागते. सुटे भाग, तपासणीची यंत्रे, सरावासाठी इंधन हे सारे वर्षानुवर्षे पुरवावे लागते. भारतासारख्या मोठ्या देशालाही जड जाणारा हा खर्च पगार देताना मेटाकुटीला येणाऱ्या मोल्डोव्हाला झेपणे शक्यच नव्हते. एक विमान १९९२मध्ये रुमानियाला गेले, चार १९९४मध्ये येमेनला विकली गेली. उरलेली तळावर उभीच राहिली.

मग इराणला त्यांत रस असल्याची कुणकुण वॉशिंग्टनला लागली. उरलेल्यांपैकी चौदा विमाने अण्वस्त्र वाहू शकणाऱ्या 'सी' प्रकारातली होती. १९९७च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने एकवीस विमाने, सुमारे पाचशे क्षेपणास्त्रे आणि सुटे भाग विकत घेतले. विमाने सुटी करून सी-१७ या मालवाहू विमानांत भरली आणि ओहायोतील राइट-पॅटरसन तळावर नेली. सोव्हिएत अण्वस्त्रे निकामी करण्यासाठी राखलेल्या निधीतून हा व्यवहार झाला. पुढे सरकार बदलल्यावर तेव्हाचे संरक्षणमंत्री व्हालेरियू पासात यांच्यावर या विक्रीत राज्याचे नुकसान केल्याचा खटला चालला. २००६मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. २००७मध्ये ते सुटले.

विमाने विकणे हा शरणागतीचा प्रकार होता, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला तसे वाटत नाही. गंजत पडलेले विमान शत्रूला भीती घालत नाही, मालकाला मात्र खर्चात बुडवते. मोल्डोव्हाची खरी दुबळी बाजू वेगळी होती. १९९४च्या राज्यघटनेच्या अकराव्या कलमाने देश कायमचा तटस्थ ठरवला आणि परकी फौजा भूमीवर नकोत असे लिहून ठेवले. तटस्थता कागदावर आली, तशी संरक्षणाची निकड सरकारांच्या मनातून उतरली. पुढे कित्येक वर्षे संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी राहिला. सैन्य साडेसहा हजारांच्या आसपास उरले. याच सैन्याने इराकमध्ये सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब काढणारी पथके पाठवली, कोसोव्होत शांतिसैनिक पाठवले. तिथे त्यांचे काम वाखाणले गेले. पण स्वतःच्या आकाशात काय चालले आहे, हे नीट दिसण्याची सोय या देशाकडे नव्हती.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी युक्रेनवर सोडलेली रशियन क्षेपणास्त्रे मोल्डोव्हाच्या आकाशातून गेली, तेव्हा ही उणीव सर्वांनाच दिसली. २०२३मध्ये फ्रेंच बनावटीचे रडार आले, जर्मनीकडून पिरान्हा चिलखती गाड्या आल्या. वापरातले लढाऊ विमान मात्र आजही एकही नाही. गरज पाहून, स्वतः ठरवून घेतलेली ही या देशाची पहिली मोठी शस्त्रे म्हणता येतील.

वारशातला नदीपलीकडचा भाग मात्र तिथेच आहे. १९९९च्या इस्तंबूल परिषदेत रशियाने २००२ अखेर फौजा आणि दारूगोळा हलवण्याचे कबूल केले होते. काही आगगाड्या भरून गेल्या, २००४मध्ये काम थांबले. कोबास्नाच्या कोठारात आजही सुमारे वीस हजार टन जुना सोव्हिएत दारूगोळा पडून असल्याचे सांगितले जाते. हे कोठार मोल्डोव्हाच्या भूमीवर आहे, पण त्याच्या दाराशी पहारा रशियन सैनिकांचा आहे.