सीप्झ : कुंपणाआतल्या निर्यातीची वाटचाल

१ मे १९७३ रोजी, महाराष्ट्र राज्याला तेरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, मुंबईत सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले. मुख्यमंत्रिपदी तेव्हा वसंतराव नाईक होते. एवढे लांबलचक सरकारी नाव कोणाच्याच तोंडी बसले नाही. आद्याक्षरांचे ‘सीप्झ’ मात्र बेस्टच्या बसपाट्यांवर चढले आणि तेच रूढ झाले. नावात सांताक्रूझ असले तरी जागा आहे अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत.

या स्थापनेमागे काही वर्षांचा विचार होता. १९६५ मध्ये गुजरातेत कांडला येथे मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले होते. आशियातील अशा प्रकारचा तो पहिलाच प्रयोग, पण बंदराच्या आधाराने चालणारा. इलेक्ट्रॉनिक्सचे गणित वेगळे होते. १९६६ मध्ये भाभा समितीने या उद्योगाचा आराखडा मांडला, १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स विभाग निघाला आणि पाठोपाठ १९७१ मध्ये प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स आयोग आला. हा माल वजनाला हलका, किमतीला भारी आणि मुदतीत पोहोचवायचा, म्हणजे विमानानेच जाणारा. त्यासाठी विमानतळाजवळची, तयार रस्ते-पाणी-वीज असलेली आणि हाताशी शिकलेला कामगार मिळेल अशी जागा हवी होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मरोळची जमीन या तिन्ही कसोट्यांना उतरली.

ही जमीन काही कोरी पाटी नव्हती. इथे जुन्या गावाची वस्ती होती. १५७९ मध्ये पोर्तुगीज जेझुइटांनी बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष आजही क्षेत्राच्या आत उभे आहेत. १८४० च्या सुमारास साथीच्या आजारामुळे ते सोडून दिले गेले. ईस्ट इंडियन समाजाचे लोक वर्षातून एकदा प्रार्थनेसाठी तेथे जमतात. एरवी ज्या फाटकातून ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत, ते त्या दिवसापुरते त्यांच्यासाठी उघडते.

निर्यातदाराला सरकारने येथे नेमके काय दिले, हे समजून घेतल्याशिवाय पुढची वाटचाल उलगडत नाही. पहिली गोष्ट म्हणजे गाळा. ‘एसडीएफ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकसारख्या आराखड्याच्या बहुमजली इमारती सरकारनेच बांधल्या. उद्योजकाने भाडे भरायचे, यंत्रे आणायची आणि काम सुरू करायचे. दुसरी गोष्ट कुंपण. जकातीच्या हिशेबात कुंपणाच्या आतला भाग परदेशासारखा धरला गेला. यंत्रे आणि कच्चा माल आयात शुल्क न भरता आत येई, बाँड रजिस्टरमध्ये त्याची नोंद होई आणि तयार माल बाहेर गेला की हिशेब चुकता होई. ज्या काळात साधे सुटे भाग परदेशातून आणायला परवान्यासाठी महिनोन्‌महिने खेपा घालाव्या लागत, त्या काळात ही सवलत केवढी मोठी होती, हे आजच्या पिढीला सांगूनही पटणार नाही. तिसरी गोष्ट भांडवलाची. १९७३ च्याच परकीय चलन कायद्याने देशात इतरत्र विदेशी कंपन्यांचा वाटा साधारणपणे ४० टक्क्यांवर रोखला, पण निर्यात क्षेत्रात संपूर्ण विदेशी मालकीलाही वाव ठेवला. या सगळ्यावर देखरेख विकास आयुक्तांची. परवानगी, जागेचे वाटप, आयातीची मंजुरी या गोष्टी एकाच कार्यालयातून व्हाव्यात, अशी कल्पना होती. बदल्यात सरकारची अट एकच : जेवढे परकीय चलन खर्च कराल त्याहून अधिक मिळवून आणा.

आरंभीची वर्षे मात्र कष्टाची गेली. स्थापनेनंतर काही महिन्यांतच जगात तेलाचे संकट आले. विदेशी कंपन्यांना तैवान, सिंगापूर, दक्षिण कोरिया अधिक सोयीचे वाटत होते आणि आपल्याकडे एक खिडकी म्हणून सांगितलेल्या व्यवस्थेच्या मागे अनेक टेबले उरलीच होती. १९७८ मध्ये कौल समितीने आणि नंतर प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्यात क्षेत्रांच्या कारभाराची तपासणी केली. १९८१ मध्ये आयकर कायद्यात दहा-अ कलम आले आणि क्षेत्रातील उद्योगांना पाच वर्षांची करसवलत मिळाली. १९८२ मध्ये एक्झिम बँकेने काम सुरू केले. निर्यात पतविमा देणारे, आज ईसीजीसी या नावाने ओळखले जाणारे महामंडळ तर १९५७ पासून मुंबईतच होते. निर्यातदाराच्या पाठीशी अशा रीतीने एकेक आधार उभा राहत गेला. काही आधार उशिरा आले, हेही नमूद करायला हवे.

सीप्झला पहिले नाव मिळवून दिले ते संगणकाच्या सुट्या भागांनी. टंडन समूहाचे येथील कारखाने फ्लॉपी ड्राइव्हसाठी लागणारी चुंबकीय हेड्स बनवू लागले. केसाहून बारीक तार सूक्ष्मदर्शकाखाली गुंडाळायची, जोडायची, तपासायची, असे ते काम. ते बहुतांशी स्त्रियांनी केले. अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर, विक्रोळीच्या चाळींतून सकाळच्या पाळीला येणाऱ्या या मुलींपैकी कित्येकींच्या घरात कारखान्याचा पगार आणणारी ती पहिलीच बाई होती. १९८१ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या पीसीत टंडन कॉर्पोरेशनचे ड्राइव्ह होते. त्या कंपनीचे मुंबईशी असलेले नाते ज्यांना ठाऊक होते, त्यांना ही बातमी घरची वाटली असेल. कामगार संघटनांचे आक्षेपही याच काळातले : नोकरीची शाश्वती कमी, वेतन बेताचे, संघटना उभारणे अवघड. निर्यातीच्या आकड्यांबरोबर ही बाजूही सीप्झच्या इतिहासाचा भाग आहे.

याच गाळ्यांतून, फारसा गाजावाजा न होता, सॉफ्टवेअर परदेशी जाऊ लागले. भारतातून सॉफ्टवेअर निर्यात करण्याची वाट टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली आणि अमेरिकेतील बरोज या संगणक कंपनीच्या साथीने पाडली होती. संगणक आयात करायचा तर त्याची किंमत सॉफ्टवेअर निर्यात करून फेडायची, असा तो व्यवहार. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात टाटा बरोज ही स्वतंत्र कंपनी झाली आणि सीप्झमध्ये तिने आपले बस्तान बसवले. पुढे ती टाटा युनिसिस, मग टाटा इन्फोटेक झाली आणि २००६ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. १९८५ मध्ये सिटीबँकेच्या समूहाने सिटीकॉर्प ओव्हरसीज सॉफ्टवेअर ही कंपनी येथे काढली. तिच्याच शाखेतून पुढे आय-फ्लेक्स उभी राहिली, जिच्या ‘फ्लेक्सक्यूब’ या बँकिंग प्रणालीने भारतीय सॉफ्टवेअरला जगभरच्या बँकांत जागा मिळवून दिली.

सॉफ्टवेअर निर्यात म्हणजे तेव्हा चुंबकीय फिती. प्रोग्रॅम फितीवर भरायचा, फीत खोक्यात घालायची, कागदपत्रे लावायची आणि विमानाने पाठवायची. कुंपणावरच्या जकात अधिकाऱ्यापुढे पेच असे तो वेगळाच. फितीचे वजन होत होते, नग मोजता येत होते, पण आत काय आहे आणि त्याची किंमत एवढी का, हे तपासायला त्याच्यापाशी कोणतेच माप नव्हते. नियम वस्तूंसाठी लिहिलेले होते आणि माल दिसेनासा होत चालला होता. १९८४ चे संगणक धोरण आणि १९८६ चे सॉफ्टवेअर धोरण यांनी हा पेच हळूहळू सोडवला. ऐंशीच्या दशकात देशाच्या सॉफ्टवेअर निर्यातीचा सिंहाचा वाटा सीप्झमधून जात होता. बंगळुरूचे नाव त्यानंतर झाले.

१९८७-८८ मध्ये केंद्र सरकारने या क्षेत्रात रत्ने व दागिन्यांच्या उत्पादनाला परवानगी दिली. इलेक्ट्रॉनिक्ससाठी राखलेल्या जागेत सोनाराची भट्टी यावी, हे अनेकांना तेव्हा विजोड वाटले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा अजून लागू होता, तो रद्द झाला १९९० मध्ये. म्हणजे कुंपणाबाहेर सोन्याची लगडी बाळगणे गुन्हा आणि आत तेच सोने शुल्काविना निर्यातीच्या दागिन्यांसाठी उपलब्ध. हा निर्णय दूरदृष्टीचा होता, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते. हिरे पैलू पाडण्यात भारताने नाव कमावलेच होते, पण पैलू पाडलेला हिरा परदेशी जाऊन तिथल्या दागिन्यात बसत होता आणि अधिकचा नफाही तिथेच राहत होता. सीप्झने तो हिरा इथेच कोंदणात बसवायला सुरुवात केली.

या कामाची शिस्त पाहण्यासारखी आहे. आधी संगणकावर नक्षी, मग मेणाचा साचा, साच्यांचे झाड, प्लास्टरमध्ये ओतकाम, घासणे, जडाव आणि शेवटी पॉलिश. प्रत्येक टेबलावर सोने तोलून दिले जाते आणि तोलूनच परत घेतले जाते. किती मिलिग्रॅम घट धरायची, हे ठरलेले असते. टेबलाखालचा केर, पॉलिशच्या पंख्याने ओढलेली धूळ, हात धुतलेले पाणी, काहीही फेकले जात नाही, कारण त्यातूनही सोने गाळून काढायचे असते. पिढीजात बंगाली कारागीर आणि आयटीआयमधून शिकून आलेली मराठी मुले-मुली इथे शेजारी शेजारी बसून काम करतात. इलेक्ट्रॉनिक्सने सूक्ष्मदर्शकाखालच्या कामाचा जो वस्तुपाठ घालून दिला होता, तो जडावाच्या टेबलावर कामी आला. म्हणूनच दागिन्यांना इथे उपरे म्हणता येत नाही.

१९९१ च्या जुलैमध्ये देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईच्या विमानतळावरून इंग्लंडला तारण म्हणून गेले. त्याच विमानतळावरून सीप्झचे दागिने चलन मिळवायला जात होते. त्या वर्षाने निर्यातदाराकडे बघण्याची सरकारची दृष्टी बदलली. रुपयाचे अवमूल्यन झाले, परवाना पद्धत सैल झाली. पण जी मोकळीक आजवर कुंपणाआड मिळत होती ती आता सर्वत्र मिळू लागली, आणि सीप्झपुढे स्पर्धा उभी राहिली. पुणे, बंगळुरू आणि भुवनेश्वर येथे १९९० मध्येच सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्याने निघाली होती. १९९१ मध्ये ती एका छत्राखाली आली. उपग्रहाच्या दुव्यामुळे सॉफ्टवेअरला विमानतळाजवळच्या गाळ्याची गरज उरली नाही. पुढील दशकात बरेच सॉफ्टवेअर उद्योग हिंजवडी, पवई, ऐरोली असे विखुरले. तरीही काही मोठी नावे सीप्झमध्ये टिकून राहिली.

१ नोव्हेंबर २००० रोजी कांडला, कोची आणि सुरतबरोबर सीप्झचे विशेष आर्थिक क्षेत्रात रूपांतर झाले. २००५ चा कायदा आणि फेब्रुवारी २००६ मध्ये लागू झालेले नियम यांनी त्याला वैधानिक पाया दिला. विकास आयुक्तांचे कार्यक्षेत्र महाराष्ट्राबरोबर गोव्यापर्यंत आणि दमण-दादरापर्यंत पोहोचले. मात्र ‘सेझ’ हा शब्द याच काळात बदनामही झाला. रायगडमधील प्रस्तावित सेझविरुद्ध पेण तालुक्यातील २२ गावांनी सप्टेंबर २००८ मध्ये मतदान केले. गोव्यातही आंदोलनापुढे सरकारला माघार घ्यावी लागली. शेतजमिनीच्या त्या वादाशी सीप्झचा संबंध नव्हता, पण नावाची झळ त्यालाही बसली. २०११ च्या अर्थसंकल्पाने किमान पर्यायी कर सेझमधील उद्योगांनाही लावला, आणि सवलत एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतली, ही निर्यातदारांची तक्रार तेव्हापासूनची आहे. ती अनाठायी नाही.

२००८ च्या मंदीत अमेरिकेतील मागणी घटली. २०२० च्या टाळेबंदीत लोकल थांबल्या आणि हातांअभावी गाळे बंद पडले. त्यातून क्षेत्र सावरले, तोवर इमारती मात्र थकल्या होत्या. १ मे २०२३ रोजी सीप्झला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पुनर्विकास हाच मुख्य विषय होता. १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘भारत रत्नम्’ हे सामायिक सुविधा केंद्र आणि ‘नेस्ट-०१’ ही नवी इमारत यांचे उद्घाटन झाले. जुन्या एसडीएफ-१ मधील उद्योगांनी नेस्टमध्ये जावे, अशी योजना आहे. भारत रत्नम्‌मध्ये धातूच्या त्रिमितीय छपाईसह जी यंत्रे आहेत, ती छोट्या निर्यातदाराला स्वबळावर घेणे अशक्य. तिथे विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणाचीही सोय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो सीप्झच्या स्थानकात आली आणि वर्षभराने ती कफ परेडपर्यंत पोहोचली.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले. जडावाच्या दागिन्यांचा सर्वात मोठा ग्राहक अमेरिकाच असल्याने देशात या निर्णयाचा धक्का जिथे पहिल्यांदा जाणवला, त्यात सीप्झ होते. नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २५,०६० कोटी रुपयांचे निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर केले, त्यासोबत निर्यातदारांच्या कर्जांसाठी २०,००० कोटींपर्यंतची पतहमी योजनाही आली. हातातल्या ऑर्डरी टिकवणे, अमेरिकेबाहेर नव्या बाजारपेठा शोधणे आणि एसडीएफ-१ मधून नेस्टमध्ये स्थलांतर करणे, ही तिन्ही कामे तिथल्या उद्योजकांसमोर एकाच वेळी येऊन ठाकली.