पाण्यावरची सावली

उघड्या हौदातले पाणी काही दिवसांत हिरवे होते, म्हणून आपण हौदावर झाकण ठेवतो. मग तलावावरही झाकण ठेवले तर? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे तरंगत्या सौर पॅनेलचा इतिहास पाहताना आपल्या लक्षात येते.

असा पहिला संच २००७ साली जपानमधील आइची येथे उभारला गेला. तो संशोधनासाठी होता आणि त्याची क्षमता अवघी २० किलोवॅट होती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका द्राक्षमळ्याच्या तळ्यावर पॅनेल तरंगू लागली. वेलींखालची जमीन अडू नये, एवढाच तिथला विचार होता. खालच्या पाण्याचे काय होते, याकडे फारसे लक्ष नव्हते.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्याच लॉस एंजेलिस शहरात पाण्यावर सावली धरण्याची वेळ आली, ती मात्र अगदी वेगळ्या कारणाने. २००७ च्या अखेरीस तेथील पिण्याच्या पाण्याच्या दोन उघड्या जलाशयांत ब्रोमेट आढळले. या पदार्थामुळे कर्करोग होण्याची शक्यता मानली जाते. तो आला कोठून? कोणीही तो पाण्यात टाकला नव्हता. भूजलात ब्रोमाइड नैसर्गिकरीत्याच होते. जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेला होता. आणि वरून ऊन पडत होते. या तिघांच्या संयोगातून ब्रोमेट तयार झाले. दोन्ही जलाशय रिकामे करावे लागले. ब्रोमाइड काढणे अवघड, क्लोरीन सोडणे धोक्याचे. उरले ऊन! तेव्हा जून २००८ मध्ये आयव्हन्हो जलाशयात सुमारे ४ लाख काळे प्लॅस्टिकचे चेंडू सोडण्यात आले. २०१५ पर्यंत लॉस एंजेलिस जलाशयावर असे ९ कोटी ६० लाख चेंडू तरंगत होते. ऊन अडले, ब्रोमेट थांबले. शेवाळ आणि बाष्पीभवनही कमी झाले.

मग सगळेच तलाव झाकावेत काय? इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. शुद्ध केलेल्या पाण्यात जीवसृष्टी नको असते. तलाव मात्र जिवंत असतो. तेथे सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि ऑक्सिजन सोडते. वाराही पाणी घुसळून हवेतला ऑक्सिजन आत मिसळतो. दाट झाकण या दोन्ही वाटा अडवते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन तळ्यांचा ७० टक्के पृष्ठभाग झाकून पाहिला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाण्यातला ऑक्सिजन घटला आणि मिथेन व कार्बन डायऑक्साइड यांचे उत्सर्जन सुमारे २७ टक्क्यांनी वाढले. ऑक्सिजनविना गाळ कुजला की मिथेन तयार होतो, हे आपण जाणतोच.

सिंगापूरच्या टेंगे जलाशयावर २०२१ मध्ये ६० मेगावॅटचा संच सुरू झाला. तेथे पॅनेलमध्ये हवा-उजेडासाठी फटी ठेवल्या आहेत आणि पाण्यात हवा सोडणारी यंत्रेही बसवली आहेत. आपल्याकडे तेलंगणातील रामगुंडम येथे २०२२ पासून १०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालू झाला. म्हणजे हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहू या. तळ्याचे पाणी तीन सारख्या बादल्यांत भरून उन्हात ठेवावे. एक उघडी, एक अर्धी झाकलेली, एक पूर्ण झाकलेली. तीन आठवडे रंग, वास आणि तापमान यांची नोंद करावी. मग मुलांनाच विचारावे : किती सावली पुरे?